न फोडलेले नारळ

लोक घरात रिकामे डबे, पिशव्या, लोणच्याच्या जुन्या बरण्या साठवतात. आमच्या संघानं किस्से साठवले. मुद्दाम कोणी साठवले नाहीत हो! पण बारा कबड्डी खेळणाऱ्या पोरी एका ठिकाणी आल्या, त्यातल्या बहुतेकींनी रिटायरमेंट घेतली आणि बहुतेकींनी मत बदललं, तर दुसरं काय साठणार? आजही आम्ही तिघीचौघी कोणाच्या लग्नात भेटलो की नवरा-नवरी राहतात बाजूला आणि एकीचं सुरू होतं, "अवं, तो नारळाचा किस्सा आठवते का?" आता कोणता म्हणून विचारावं! सगळे नारळाचेच तर आहेत.

तर आधी नारळाचं सांगते. म्हणजे पुढे कोणी मधेच विचारायचं नाही.

अमरावतीत बंद पडलेल्या एका जिनिंग गिरणीच्या मागे आमचं मैदान होतं. आमच्या लहानपणी त्या जिनिंगसमोर दिवाळीनंतर कापसाच्या बैलबंड्यांची ही लांब रांग लागायची. आम्ही खेळायला लागलो तेव्हा तिथे एक चौकीदार आणि त्याच्या बकऱ्या उरल्या होत्या. शेतीचे दिवस वाईट होते. आमच्यातल्या निम्म्या पोरी शेतकऱ्यांच्या घरच्या, त्यामुळे ते आम्हाला कोणी वेगळं समजावून सांगायची गरज नव्हती. कुठल्याशा वर्षी पीक गेलं की त्या वर्षी घाईघाईनं एखादीचं लग्न उरकलं जायचं आणि आमचा एक खेळाडू कमी व्हायचा. लग्न म्हणजेच आमची रिटायरमेंट. पुरुष खेळाडू पस्तिशीत रिटायर होतात, आम्ही एकविसाव्या वर्षी.

आम्हाला शिकवायचे गावंडे सर. शाळेत पीटीचे मास्तर, आवाज असा की चौकीदाराच्या बकऱ्यासुद्धा 'सावधान'मध्ये उभ्या राहायच्या. पण मंडळाचं खरं काम बघायच्या त्यांच्या बायको, आमच्या काकू. चहा, चिवडा, फुटलेल्या गुडघ्याला हळद, आणि मुख्य म्हणजे घरोघर जाऊन आयांची समजूत काढणं. मंडळाचं नाव इतकं लांब होतं की शर्टावर मावायचं नाही. म्हणून सगळं गाव आम्हाला 'काकूचा संघ' म्हणायचं.

लग्न ठरलेल्या पोरीची काकू मैदानातच ओटी भरायच्या. खण, मूठभर गहू आणि नारळ. शेवटी माहेरच होतं ना ते आमचं!

*

पहिला मान लताचा. लता डाव्या कोपऱ्याला खेळायची. लग्न झालं बडनेऱ्याला, म्हणजे हाकेच्या अंतरावर. तरी ओटी भरताना आम्ही अशा रडलो की जणू ती दुबईला चालली. सर वीस मिनिटं बोलले. त्यागाबद्दल, खेळाडूवृत्तीबद्दल, आणखी कशाकशाबद्दल.

बाराव्या दिवशी सकाळी साडेपाचला आम्ही मैदानात पोचलो तर लता आधीच हजर! हातावर मेंदी, कोपरापर्यंत हिरवा चुडा आणि काखेत तोच नारळ.

सर घाबरले. "काय झालं? सासरी कोणी काही बोललं का?"

"नाई सर, सगळे चांगले हायत."

"मग?"

"थे लोक सात वाजेपर्यंत झोपतात सर! मी पाच वाजतापासून कोनाच्या तोंडाकडे पाहू?"

काकूंनी तिच्या काखेतला नारळ घेतला, वरखाली पाहिला. "बरं झालं फोडला नाई. पुढच्या टायमाले हाच भरू हिच्या ओटीत."

आणि तिथून नियम सुरू झाला. ओटीतल्या नारळावर काकू कोळशानं त्या पोरीच्या शर्टाचा नंबर लिहायच्या आणि बजावायच्या, "हा फोडायचा नाई. मन बदललं तं हाच घेऊन येजो, एक शब्द न विचारता आत घेऊ. नाई बदललं तं वर्षानं बर्फी करून खाजो." परत आलेला नारळ काकूंच्या स्वयंपाकघरातल्या फळीवर जायचा, पुढच्या वेळेसाठी.

लतानं पुढे आणखी चार वेळा रिटायरमेंट घेतली. एकदा बाळंतपणासाठी घेतली आणि चार महिन्यांचं पोर घेऊन परत आली. तिचा खेळ सुरू झाला की पोर कोणाच्या तरी मांडीवर ठेवायची. एका सामन्यात ते समोरच्या संघाच्या कोचच्या मांडीवर होतं. लतानं त्यांची रेडर पकडली की तो बिचारा टाळ्या वाजवून पोराला खेळवायचा, आणि मग आपलीच खेळाडू बाद झाल्याचं त्याच्या ध्यानात यायचं!

पाचव्या निरोपाला सर भाषणाला उभे राहिले, सगळ्यांकडे पाहिलं आणि म्हणाले, "मागचं भाषण आठवते ना? थेच." आणि बसले.

*

आता माझा. हसू नका!

मी रिटायर झाले ते गुडघ्यापायी. लग्न आधीच झालेलं, नवरा गरीब स्वभावाचा, त्याच्याकडून काही अडचण नव्हती. पण मला वाटलं, आपण सन्मानानं जावं. मी स्वतःच भाषण लिहून नेलं. काकूंनी ओटी भरली, नारळावर चार नंबर लिहिला. घरी आले, आणि तिसऱ्या दिवशी इडली केली. इडलीला चटणी नको का? तर मी काकूंचा नारळ फोडून खाल्ला. माझा निश्चय होता ना पक्का!

तीन आठवड्यांनी आमचा सामना होता. मी प्रेक्षक म्हणून गेले, नव्या साडीत. पहिल्या पाच मिनिटांत माझा आवाज बसला. "अवं, डावीकडं! तिचा पाय धर, पाय! डोळे फुटले का?" शेवटी पंच शिट्टी तोंडातून काढून माझ्यापाशी आले. "बाई, एक तं गप बसा, नाई तं आत जाऊन खेळा."

दुसऱ्या दिवशी बाजारातून नारळ आणला, कोळशानं चार नंबर काढला, थोडा मातीत घोळवला आणि काकूंच्या हातात दिला. काकूंनी कानाशी धरून हलवला.

"वंदे," त्या म्हणाल्या, "माह्याकडचा नारळ महिन्याभरात असा भरला का वं? पानी तं आतनं डुबुक डुबुक करून राह्यलं."

मी खरं सांगितलं. काकू एवढंच म्हणाल्या, "चटनी कशी झालती?"

"बरी झालती."

"जाय, आत जाय. सर रागावून राह्यले उशीर झाला म्हणून."

आज मी राजापेठेत मुलींची मेस चालवते. तिथे मी कोणत्याही पोरीला 'उशीर का झाला' म्हणून जेवायला नाही म्हणत नाही. ते मी कुठे शिकले हे आता तुम्हाला कळलं असेल.

*

शबाना आमची कव्हरची खेळाडू. तिचे अब्बा टेलर, आमच्या शर्टांवरचे नंबर तेच शिवून द्यायचे, आणि सहाचा नऊ झाला तर परत उसवून द्यायचे. तिचा निकाह अकोल्याला ठरला तेव्हा काकू पेचात पडल्या. ओटी भरावी की नाही? भरली तर त्यांना चालेल का? नाही भरली तर पोरीला काय वाटेल?

शेवटी काकू सरळ तिच्या घरी गेल्या आणि तिच्या अम्मीला विचारलं. अम्मी म्हणाली, "कुंकू रहने दो आपा, बाकी सब दे दो. नारियल तो हमारे यहां भी खाते हैं!"

दीड वर्ष शबानाचा पत्ता नाही. आणि एक दिवस ती अकोल्याहून एसटीनं आली. बरोबर तिची सास. सासच्या हातात दोन नारळ.

आम्ही सगळ्या भिंतीसारख्या उभ्या. सास काकूंसमोर बसली आणि म्हणाली, "बहन, माफी मांगने आई हूं. मेरे को मालूम नहीं था, मैंने ईद में फोड डाला. बहू दो दिन बोली नहीं मेरे से. तीसरे दिन बताया के उसका तो खेलने का पास था वो! तो एक नारियल तुम्हारा, और एक मेरी गलती का."

फक्त तिची एक अट होती. सूनबाई गुडघ्यावरची चड्डी घालणार नाही, फुल पँट घालेल. सर म्हणाले, घालू दे. आता आमचं मैदान मुरमाचं. शबाना आठवडाभर फुल पँट घालून खेळली आणि तिच्या गुडघ्याला एक ओरखडा नाही! आमच्या मात्र रोज रक्ताच्या धारा. पंधरा दिवसांत सगळा संघ फुल पँटमध्ये. शबानाच्या अब्बांनीच शिवल्या.

मी तर आजही म्हणते, माझ्या गुडघ्यांचं जे काही शिल्लक आहे ते अकोल्याच्या त्या बाईच्या कृपेनं आहे.

*

मधे एक गावाकडचा सांगते. हा माझा फार लाडका.

दर्यापूरकडच्या एका गावात सामने होते. त्या वर्षी तिकडे पावसानं दडी मारलेली, तुरीसुद्धा वाळल्या होत्या. सरांनी कळवलं होतं की आम्ही डबे घेऊन येतो. गावानं निरोप पाठवला, "डबे आणले तं सामने रद्द." मग जेवणाच्या वेळी एकेका घरानं दोन-दोन पोरी वाटून घेतल्या. मी आणि लता एका घरी गेलो. घरातली बाई तिशीची, नाव सुमन. ज्वारीची भाकर, झुणका आणि वरून तेल. मला वाटतं तेवढं तेल त्यांनी आठवडाभर खाल्लं नसेल, आणि आमच्या ताटात धार धरली होती.

जेवताना ती सारखं विचारत होती. सर ओरडतात का अजून? काकू चिवड्यात मनुका टाकतात का? आम्ही चकित. मग तिनं फळीवरून एक नारळ काढला. काळा पडलेला. हलवला तर आत खोबऱ्याचा गोटा खडखड वाजला. "मी सरांच्या पयल्या टीममधली व. काकूनं वर्षभर ठेव म्हनलं होतं. नऊ वर्सं झाले. फोडूच नाई वाटला."

लताचा घास हातातच राहिला. काकूंचा नियम तर लतापासून सुरू झाला अशी आमची समजूत होती! नंतर काकूंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "सुमनले सहज म्हनलं होतं. तिनं खरंच ठेवला का बाप्पा?"

आम्ही सातच जणी गेलो होतो, त्या दुपारी त्यातली एक पोरगी तापानं फणफणली आणि संघात सहाच उरल्या. लता उठली ती थेट सुमनच्या दारात गेली. सुमननं लुगड्याचा काष्टा मारला, डाव्या हातात नारळ धरून मैदानात आली, नारळ सरांच्या हातात दिला आणि म्हणाली, "सर, आठ नंबर."

तिचा नवरा बैल पाण्यावर घेऊन चालला होता, तो तिथेच थबकला, आणि बैल एकटेच पाण्यावर गेले. सुमन सात मिनिटं खेळली. एक पकड केली. आम्ही जिंकलो की हरलो ते विचारू नका, मला खरंच आठवत नाही. एवढंच आठवतं की निघताना काकूंनी गाडीतून मुद्दाम उतरून तिची ओटी परत भरली आणि तोच काळा नारळ तिच्या पदरात टाकला.

*

आता मंगलाकडे येते. बाकी सगळ्या आम्ही खेळाडू होतो, स्टार एकच होती. सात नंबरची मंगला. विद्यापीठाकडून खेळलेली, राज्याच्या संघात निवडली गेलेली. ती रेडला निघाली की जिनिंगच्या भिंतीवर बसलेली माणसं उभी राहायची. लोक सामना पाहायला यायचे नाहीत, मंगलाला पाहायला यायचे.

तिचं लग्न झालं अंजनगावजवळच्या एका खेड्यात. नवरा प्रकाश, शेती करणारा, बोलायला कमी आणि हसायला जास्त. सासू मात्र कडक. प्रकाश लहान असतानाच तिचा नवरा गेलेला, एकटीनं शेत केलेलं, पोर वाढवलेलं. तिनं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "आमच्या घरची सून पकडापकडी खेळाले जानार नाई."

सरांनी सात नंबरचा शर्ट खिळ्याला टांगून ठेवला. कोणाला दिला नाही.

सहा महिन्यांनी लुनावरून दोघं मैदानात हजर! प्रकाशनं आईपासून नारळ ज्वारीच्या पोत्यात लपवून ठेवला होता. घरी सांगितलं होतं, मंगलाला दाताच्या डॉक्टरकडे नेतो. मग आठवड्यातून दोनदा दाताचा डॉक्टर. महिना गेला, दोन गेले. सासू शेजारणीला म्हणाली म्हणे, "हिले दात हायत तरी किती बाप्पा? माह्याच्यानं तं मोजून ठेवनं झालं नाई!"

आणि एक दिवस किराणा दुकानातून गूळ आला. गूळ ज्या पेपरात बांधला होता त्यावर मंगलाचा फोटो. तीन जणींना ओढत मधल्या रेषेकडे झेपावलेली.

सासूनं पेपरची घडी केली, कमरेला खोचली आणि एसटीनं थेट अमरावती गाठली. त्या दिवशी आमचा फायनल सामना. म्हातारी गर्दीतून पुढे आली ती सुनेचा हात धरून घरी न्यायलाच. आणि नेमकी त्याच वेळी मंगला रेडला गेलेली, समोरच्या पाच जणी तिच्यावर पडल्या. मंगला खाली, वर पाच जणींचा ढीग, मंगलाचा एक हात तेवढा बाहेर, रेषेकडे सरकतोय.

म्हातारीनं हातातली पिशवी फेकली आणि धावत मैदानात!

"सोडा वं! सोडा! आमच्या घरची सून हाय थे! एकीवर पाच-पाच जणी, लाज नाई वाटत?" आणि वरच्या एकीची वेणी धरून तिला बाजूला केली. दुसरीला केली. तिसरी आपणहून उठून पळाली.

पंचांनी शिट्टी फुंकून फुंकून गाल फुगवले. बाहेरचा माणूस मैदानात आला म्हणून समोरच्या संघाला एक गुण मिळाला आणि आम्ही बरोबर एका गुणानं हरलो.

सर कपाळाला हात लावून बसले. "एका गुणानं गेली शील्ड!"

काकू म्हणाल्या, "काय घेऊन बसले शील्डचं! सासू भेटली ना."

तिकडे म्हातारी मंगलाच्या अंगावरची माती झटकत होती. "दात दुखून राह्यले का अजून?"

मंगला खाली मान घालून, "नाई, आत्याबाई."

"मंग पुढच्या टायमाले मले घेऊनच येजो. तुयाकडून भांडाले कोनी नको का?"

तेव्हापासून ती आम्हा सगळ्यांची आत्याबाई झाली. प्रत्येक सामन्याला प्रकाश, मंगला आणि आत्याबाई. लुनावर तिघं मावत नसत, म्हणून मंगलामागे आत्याबाई लुनावर आणि प्रकाश एसटीनं!

*

आणि हा शेवटचा.

त्यानंतर दोन वर्षांनी, पावसाळ्यात, विहिरीवरची मोटर सुरू करताना प्रकाशला शॉक लागला. जागच्या जागी गेला. मी दुसऱ्यांचे नवरे पुष्कळ पाहिले, स्वतःचाही रोज पाहते, पण प्रकाशसारखा चांगला माणूस मी पाहिला नाही. आजही त्याची आठवण आली की डोळे भरतात. भरले बघा.

तेरवी झाल्यावर काही दिवसांनी कोणाच्या तरी हाती एक पिशवी आली. आत सात नंबरचा शर्ट. धुतलेला, इस्त्री केलेला. चिठ्ठी नाही, काही नाही. मंगलानं खेळ सोडला होता.

सरांनी शर्ट खिळ्याला टांगला आणि बाहेर जाऊन उभे राहिले. आम्ही रडत होतो. काकू रडल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "तिले नारळ कोनी देल्ला का?"

कोण देणार? कसा देणार?

"मंग थे वापस कशी येईन?"

सर आत आले. "अगं, नियम आपलाच आहे. तिला तशीच बोलावू."

"आपला हाय म्हनूनच म्हनते. सगळ्यायले नारळ देल्ला, अन् तिलेच नाई देल्ला, तं तिले काय वाटन? आपन तिले वापस येनाऱ्यायत धरलंच नाई, असंच वाटन ना?"

विधवेची ओटी भरत नाहीत. काकू स्वतः जुन्या वळणाच्या, चतुर्थी-एकादशी न चुकवणाऱ्या. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी पिशवी भरली. खण, गहू आणि नारळ. नारळावर कोळशानं सात नंबर. काकू, लता, शबाना आणि मी, अंजनगावच्या एसटीत बसलो. अख्ख्या वाटेत काकू पिशवी मांडीवर घट्ट धरून बसल्या होत्या.

घरात शेजारच्या बायका बसलेल्या. मंगला भिंतीला टेकून. हात रिकामे. तिनं आमच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. जिच्या नुसत्या नजरेनं समोरच्या सात जणी मागे सरकायच्या, ती जमिनीकडे पाहत बसली होती. मला वाटलं, संपलं. आता ही उठत नाही.

काकूंनी पिशवीत हात घातला. नारळाची शेंडी दिसली मात्र, मंगलाची चुलत सासू बोललीच, "बाई, हे काय करून राह्यल्या तुमी? तिची ओटी भरतात का आता?"

काकूंचा हात पिशवीतच राहिला. मी काकूंना कधी घाबरलेलं पाहिलं नव्हतं, त्या दिवशी पाहिलं. शबानानं मागून माझा हात धरला.

आत्याबाई दारात तूर निवडत बसली होती. ती उठली. सूप बाजूला ठेवलं. काकूंच्या समोर येऊन उभी राहिली आणि तिनं स्वतःचा पदर पसरला.

"टाका इथं."

"आत्याबाई, तो मंगलाचा..."

"मले मालूम हाय कोनाचा हाय. सात नंबर लिहेल हाय ना? टाका. तिच्यापाशी ठेवला तं थे रडत रडत फोडून टाकन. मी फोडू देत नाई."

प्रकाश पाच वर्षांचा असताना तिचा नवरा गेला होता. म्हणजे किती वर्षांत त्या पदरात कोणी काही घातलं नसेल! काकूंनी नारळ टाकला. मग थोडं थांबून खण टाकला. मग मूठभर गहूही टाकले. निम्मे गहू पदराबाहेर जमिनीवर सांडले, आणि ते वेचायला सगळ्यात आधी मंगला वाकली.

चुलत सासू तोंड उघडं टाकून पाहत होती. आत्याबाईनं पदराची गाठ मारली आणि तिच्याकडे वळली. "पाहून काय राह्यली? चहा ठेव ना पोरीयले!"

आम्ही परत आलो. दसरा गेला, दिवाळी गेली. खिळ्यावरच्या शर्टाकडे पाहायचं नाही असं आम्ही न बोलता ठरवून टाकलं होतं. सर मात्र रोज पाहायचे.

मोसमाच्या पहिल्या दिवशी सर चुन्यानं रेषा आखत होते. गेटाशी ऑटो थांबला. आत्याबाई एकटीच उतरली आणि तरातरा चालत मैदानात आली. पदराची गाठ सोडली, नारळ काढला आणि काकूंच्या हातात दिला. काकूंनी सवयीप्रमाणे कानाशी धरून हलवला. मग उराशी धरला.

सरांच्या हातातली चुन्याची फक्की तशीच सांडत होती. "मंगला?"

"बूट बांधून राह्यली तिकडं, भिंतीपाशी. शर्ट द्या तिचा."

लता शर्ट घेऊन धावली. आत्याबाईनं इकडेतिकडे पाहिलं, बरोबर रेषेला लागून पदर सावरला आणि मांडी घालून बसली.

सर हळूच तिच्याजवळ गेले. "आत्याबाई, या रेषेच्या आत यायचं नाही बरं का. आपला गुण जातो."

"नाई येत," आत्याबाई म्हणाली. "पण पाच जणी बसल्या तिच्यावर, तं मंग मले सांगू नोका!"